दुसरी खुंटी

१

चांदीचा मग गेला, हे पहिल्यांदा सोनाराच्या लक्षात आलं. काचेच्या कपाटात तो जिथे उभा असायचा, तिथे मखमलीवर सिंहाच्या तीन पंजांचे तीन खड्डे तेवढे शिल्लक होते. सोनाराने आपला तराजू हळूच पुन्हा पिशवीत ठेवला.

"असा कसा गेला?" नगरन्यायाधीश रॅम म्हणाले.

कपाटाला कुलूप होतं. काच शाबूत होती. खालचे चमचे, साखरेची पेटी, मेणबत्त्यांची घरं, सगळं आपापल्या जागी. गेला तो फक्त ब्रिंक घराण्याचा थोरला मग. चांदीचा, झाकणाचा, आत वरपासून खालपर्यंत आठ खुंट्या असलेला. आमच्या या नॉर्वेतल्या क्रिस्तियानसुंद गावात श्रीमंत घरं पुष्कळ आहेत; सुकवलेला कॉड मासा विकून माणूस श्रीमंत होतो, फक्त त्याचा वास जायला तीन पिढ्या लागतात. ब्रिंकांचा वास गेला तो या मगाने. मोठ्या कार्याला आठ मानकरी याच मगातून बिअर प्यायचे. प्रत्येकाने आपल्या खुंटीपर्यंत प्यायचं, आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. एक थेंब जास्त नाही, एक थेंब कमी नाही.

"कपाटाची किल्ली कुणाकडे असते?" न्यायाधीशांनी विचारलं.

खोलीतल्या सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात सेसेल उभी होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, आणि तिला अजून काही समजलेलं नव्हतं.

२

मी या घरातला मास्तर. कोपनहेगनला धर्मशास्त्र शिकलो, तेव्हापासून एखाद्या चर्चची जागा रिकामी होण्याची वाट पाहतोय. सतरा वर्षं झाली. आमच्याकडचे पाद्री फार निरोगी असतात. तोवर ब्रिंकांच्या दोन नातवांना लॅटिन शिकवतो. त्यांचा लॅटिनशी काही झगडा नाही. ते तिच्याकडे बघतच नाहीत.

मंगळवारी म्हाताऱ्या लोरेन्स ब्रिंकना पुरलं. मेजवानी झाली. संध्याकाळी वायव्येकडून वारा सुटला तो थांबेना. आमचं गाव तीन बेटांवर वसलेलं; इथे शेजाऱ्याकडे जेवायला जायचं तर होडी लागते, आणि त्या वाऱ्यात होडी सोडायला शहाणा माणूस तयार नव्हता. त्यामुळे पाहुणे अडकले. बुधवारी सकाळी न्यायाधीश मालमत्तेची यादी करायला बसले, सोनार चांदीचं वजन करायला उठला, आणि थोरला मग नाहीसा झालेला.

लगेच झडती झाली. वरच्या लोकांच्या घरात चोरी झाली की झडती खालच्या मजल्यावरून सुरू होते. मोलकरणींच्या पेट्या उपसल्या, पिठाची पिंपं ढवळली, सेसेलची ट्रंक अंगणात उलटी केली. तिच्यात दोन झगे, एक स्तोत्रांचं पुस्तक आणि आईचा कंगवा निघाला. दिवाणखान्याची झडती झाली नाही, कारण तिथे आम्ही बसलो होतो.

बसलो होतो म्हणायचं एवढंच. बसवत कुणालाच नव्हतं. मंगळवारी त्या दिवाणखान्यात इतकी ऊब होती, की थोरले पाद्री स्टूब यांचा केसांचा टोप घामाने कानावर घसरला होता. बुधवारपासून तीच खोली बर्फाचं तळघर झाली. म्हाताऱ्यांच्या विधवेने, फ्रू ब्रिंकनी, सांगून टाकलं होतं, दुःखाचे दिवस आहेत, दिवाणखान्यातली शेगडी पेटवायची नाही. ती तीन मजली बिडाची शेगडी कोपऱ्यात काळी ठिक्कर उभी, आणि आम्ही तिच्याभोवती वखारीतल्या मांजरांसारखे चकरा मारत होतो. पाद्री खिडकीपासून दारापर्यंत, न्यायाधीश दारापासून खिडकीपर्यंत. मधे गाठ पडली की दोघेही "वारा काय म्हणतो?" असं विचारायचे. वारा जे म्हणायचं ते सगळ्या घराला ऐकू येत होतं.

"अहो, निदान चार लाकडं तरी टाका!" कप्तान फॉस ओरडले. ते म्हाताऱ्यांचे जावई. पत्त्यांच्या डावावर त्यांनी आजवर एक घोडा, एक होडी आणि बायकोची गळ्यातली साखळी घालवली होती, तेव्हा थोरला मग गेल्याबरोबर निम्म्या खोलीने मनातल्या मनात त्यांनाच धरलं होतं. "सासरे गेले याचं दुःख मलाही आहे. पण पाय माझे आहेत ना!"

"कप्तान," फ्रू ब्रिंक म्हणाल्या, "ज्या घरातून माणूस गेलं, तिथे ऊब शोभत नाही."

काळा झगा, पांढरी टोपी, पाठ सरळ. शेगडीला लागून असलेल्या खुर्चीत त्या एकट्याच स्वस्थ बसल्या होत्या. त्यांना 'फ्रू' म्हणण्यात चूक करून चालायची नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्या मादाम ब्रिंक होत्या. व्यापाऱ्याची बायको मादामच. मग म्हातारे कोपनहेगनला गेले आणि राजाकडून दरबारी सल्लागार ही पदवी घेऊन आले. राजाला त्यांनी कधी सल्ला दिल्याचं ऐकिवात नाही, पण बायको फ्रू झाली. त्याच जहाजातून थोरला मगही परत आला. झाकणाची बिजागरी तिकडच्या कारागिराकडून दुरुस्त करून आणली होती. त्यानंतर औषधवाल्याची बायको एकदा चुकून "मादाम" म्हणून गेली. तिला या घरचं आमंत्रण पुन्हा आलं नाही.

न्यायाधीशांनी सेसेलला समोर उभं केलं. ती फ्रू ब्रिंकच्या मेलेल्या बहिणीची मुलगी. नवव्या वर्षी या घरात आली, आता एकोणतिशीत, अजून जोम्फ्रू, म्हणजे बिनलग्नाची. पगार नाही, कारण ती घरचीच. जेवायला आमच्या पंगतीत नाही, कारण ती घरची नव्हे.

"मंगळवारी मग कपाटात कुणी ठेवला?"

"मावशींनी. म्हणजे, फ्रू मावशींनी. त्या म्हणाल्या, किल्ली कुलपातच राहू दे, मी जरा त्यांच्या आठवणीत बघत बसते. सकाळी किल्ली मला परत दिली."

"फ्रू?"

फ्रू ब्रिंकनी रुमाल डोळ्यांना लावला. "मला काही आठवत नाही हो. मी रडत होते."

न्यायाधीशांनी सुस्कारा सोडला. "वारा पडला की माझी होडी थ्रोंडहाइमला निघेल. जोम्फ्रू सेसेल, तुम्ही माझ्याबरोबर याल. सुधारगृहात महिना दोन महिने काढलेत, की कदाचित तुम्हाला आठवेल."

सेसेलने कमरेचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. ठेवताना सगळ्या किल्ल्या वाजल्या.

३

"महिना दोन महिने म्हणे!" मादाम ओल्ने म्हणाल्या. "तिथे गेलेली बाई परत आली तरी तिला कुणी भांडीसुद्धा घासायला ठेवत नाही. मास्तर, दारात उभे राहू नका, वारा आत येतो."

मी स्वयंपाकघरात ऊब शोधत गेलो होतो. मादाम ओल्ने कार्याच्या स्वयंपाकीण. गावातली लग्नं, बारशी, मयतं, सगळी त्यांच्या हातची. कुठल्या घरात किती चमचे, त्यांतले किती शेजारून आणलेले, कुणाच्या टेबलाच्या कापडाला कुठे ठिगळ, हे त्यांना ठाऊक. भल्या भल्या फ्रू त्यांच्याशी नरमाईने बोलतात. त्याही वाऱ्यामुळे अडकल्या होत्या आणि त्यामुळे भयंकर चिडल्या होत्या. एका जागी त्यांचा पाय ठरत नव्हता. कांदा कापत त्या तीनदा खिडकीशी जाऊन आल्या.

"पोरीने नेला नाही," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"चोरायचंच तर वीस वर्षांत साखर चोरली असती. एक खडा नाही. मास्तर, तुम्ही शिकलेले आहात, जरा बसा आणि मला सांगा. मंगळवारी मग फिरला, तेव्हा काय काय झालं? सगळं सांगा. मी इकडे मासा उकडत होते."

मी सांगितलं. घरचा कर्ता नव्हता, म्हणून पहिल्यांदा कप्तान प्याले. मग पाद्री स्टूब. मग न्यायाधीश. मग आणखी चौघे. आठवे जकातीचे अधिकारी असायचे, पण ते सर्दीने पडले होते, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मला बोलावलं.

"पाद्रीसाहेब खूश होते?"

"छे. पिऊन झाल्यावर मगात असे डोकावत राहिले, जणू आत कुणी हरवलंय. मग ओठ पुसत म्हणाले, 'ब्रिंक गेले आणि बिअरही आटली.' सगळ्यांना वाटलं, दुःखाने बोलतायत."

मादाम ओल्नेंची सुरी थांबली.

"आणि तुम्ही शेवटी प्यालात. शेवटच्याला सगळ्या खुंट्या उघड्या दिसतात. कशा होत्या?"

"कशा म्हणजे? आठ खुंट्या. एकाखाली एक. कवायतीला उभे केलेले शिपाई जसे, तशा अगदी सारख्या अंतरावर."

"सारख्या?"

"सारख्या. मी बराच वेळ बघत होतो. माझ्या वाट्याला बघण्यासारखं तेवढंच उरलं होतं."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "एक शेवटचं. तो मग नेहमी मी धुते. तीस वर्षं मीच. परवा मी हात पुढे केला, तर फ्रू म्हणाल्या, 'राहू दे, आज मी धुते, त्यांच्या आठवणीत.' मास्तर, त्या बाईने लग्न झाल्यापासून राखेच्या पाण्यात बोट बुडवलेलं नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी मेली रडत होते. कांद्याने नव्हे, खरंच."

"म्हणजे तुम्हाला कळलं, तो मग कुठे आहे?"

"कुठे आहे ते नाही. पण मंगळवारी तुम्ही ज्यातून प्यालात, तो ब्रिंकांचा मग नव्हता."

४

त्यांनी हात पुसले आणि जिन्यातच पाद्री स्टूबना गाठलं. पाद्री तिथे जिना चढून उतरून पाय गरम करत होते.

"पाद्रीसाहेब, तुम्ही पंधरा वर्षं मगातून दुसरे पिता."

"मान आहे तो माझा," पाद्री सावध होऊन म्हणाले.

"मानाचं ठीक आहे. दुसऱ्या खुंटीचं बोला."

पाद्री लाल झाले. "कुठली खुंटी?"

"अहो, मी तीस वर्षं तो मग आतून घासला आहे. पहिली खुंटी जागेवर, आणि दुसरी दोन बोटं जास्त खाली. ज्याने मग घडवून घेतला तो म्हाताऱ्यांचा आजा; धाकटा भाऊ होता, नेहमी दुसरा प्यायचा. सोनाराला सांगून स्वतःचा घोट वाढवून घेतला त्याने. तुमच्या आधी जुने पाद्री दुसरे प्यायचे. बिशपने बदली दिली तर त्यांनी घेतली नाही. गावाला वाटलं, भक्ती."

"यात पाप नाही," पाद्री पुटपुटले. "खुंटीपर्यंत प्यायचं, हा नियम. खुंटी कुठे ठोकायची, ते देवाने माझ्यावर सोपवलेलं नाही."

"परवा किती मिळाली?"

पाद्रींनी जिन्यात वर खाली पाहिलं. "इतरांएवढी," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच दुःख होतं.

"हे न्यायाधीशांसमोर सांगाल?"

"मादाम ओल्ने! मी थोरला पाद्री आहे. पंधरा वर्षं मी... गावासमोर... नाही, नाही."

"नका सांगू. पोरगी जाईल सुधारगृहात. पुढच्या कार्याला तुम्हाला वाढायला मी असेनच."

एवढं बोलून त्या निघाल्या. त्याच वेळी माझ्या लक्षात आलं, की घरात काहीतरी बदललंय. तावदानं खडखडायची थांबली होती. खाली धक्क्यावर कुणीतरी न्यायाधीशांच्या वल्हेकऱ्यांना हाका मारत होतं.

वारा पडत होता.

५

दिवाणखान्यात आम्ही शिरलो तेव्हा न्यायाधीश कोटाची बटणं लावत होते. सेसेल खिडकीशी उभी होती, हातात आईचा कंगवा गुंडाळलेलं गाठोडं. मादाम ओल्नेंच्या हातात फावडं होतं आणि फावड्यावर चुलीतले लाल निखारे. त्या सरळ शेगडीकडे चालल्या.

"काय करताय?" फ्रू ब्रिंक उठून उभ्या राहिल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"पोरगी समुद्रावर जाणार, जरा हात शेकून जाऊ दे."

"मी सांगितलंय, या शेगडीत विस्तव घालायचा नाही!"

"घाला हो, घाला!" कप्तान पुढे धावले.

"फ्रू ब्रिंक," मादाम ओल्ने म्हणाल्या. निखारे तसेच हातात. "एकतीस मयतं मी रांधली. प्रेत घरात असतं तोवर त्या खोलीत विस्तव नसतो, हे खरं. पण प्रेत गेल्यावर? मंगळवारी पाहुणे घामाघूम होते. बुधवारी कुणाचं प्रेत होतं या शेगडीत?"

मादाम ओल्ने न्यायाधीशांकडे वळल्या.

"न्यायाधीशसाहेब, मी अडाणी बाई. चूक असेल तिथे टोका. परवा या खोलीत जो मग फिरला, त्याच्या खुंट्या सारख्या अंतरावर होत्या. मास्तरांनी पाहिल्या. ब्रिंकांच्या मगाची दुसरी खुंटी दोन बोटं खाली आहे. म्हणजे अस्सल मग मंगळवारच्या आधीच गेलेला. तर मंगळवारनंतर पोरीने नेलं काय?"

"मास्तरांनी पाहिल्या?" न्यायाधीश माझ्याकडे असे वळले, जणू खुर्ची बोलू लागली. "आणि दुसरी खुंटी खाली होती, याला साक्षी कोण? तुम्ही आणि?"

पाद्री स्टूबनी टोप सरळ केला. मग तो काढला आणि हातात धरला.

"मी," ते म्हणाले. "पंधरा वर्षं. दोन बोटं." थोडं थांबून, प्रामाणिकपणाची सवय नसल्यामुळे जरा जास्तच, ते म्हणाले, "अडीच."

"सासऱ्यांना हे ठाऊक नव्हतं?" कप्तानांनी विचारलं.

"कसं असणार?" मादाम ओल्ने म्हणाल्या. "घरचा कर्ता पहिला पितो. पहिल्याला पहिलीच खुंटी दिसते, बाकी सगळं बिअरखाली. तुम्हाला दिसली का परवा दुसरी? आणि पुरुषमाणूस मग धुवायला बसत नाही. नक्कल करायला दिली तेव्हा त्यांनी बाहेरचं सगळं सांगितलं असेल, सिंहाचे पंजे, झाकणातलं नाणं, कान. आतलं कारागिराने आपल्या मापाने केलं. नातवाच्या बारशाला मग फिरला, तेव्हा पाद्रीसाहेब तृप्त होते. त्यानंतर तो घराबाहेर एकदाच गेला."

"बिजागरीला," मी म्हणालो. "कोपनहेगनला."

"आणि त्याच जहाजातून काय काय परत आलं, ते या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे."

कुणीही फ्रू ब्रिंककडे पाहिलं नाही. न पाहण्याचं शिक्षण आमच्याकडे फार चांगलं मिळतं.

"पण नकली मग लपवायचा कशाला? परवापर्यंत चाललाच होता ना!" कप्तान म्हणाले.

सोनाराने घसा खाकरला. "वजन करायचं होतं," तो म्हणाला.

"हं," मादाम ओल्ने म्हणाल्या. "आणि कप्तान, तुम्ही दोन दिवस शेगडी पेटवा म्हणून बोंबलताय, म्हणून तुम्ही सुटलात. चांदीला बर्चच्या चार लाकडांनी काही होत नाही. अस्सल मग आत असता, तर वर विस्तव घालून निवांत बसता आलं असतं, कुणी हातसुद्धा घातला नसता. शेगडी थंड ठेवावी लागली, कारण आत आहे ते वितळतं. हे ज्याला ठाऊक होतं आणि ज्याच्या शब्दावर या घरातली शेगडी विझते, असं माणूस एकच आहे. पोरीला कोण विचारून शेगडी पेटवतं इथे?"

त्यांनी निखारे बाजूला ठेवले, शेगडीचं वरचं दार उघडलं आणि कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आला तेव्हा हातात थोरला मग होता. राखेने माखलेला, तरी रुबाबदार. सोनाराने तळाला सुरीचं टोक ओढलं. मुलाम्याखालून करडी रेघ उमटली.

"कथील," तो म्हणाला, आणि त्याने माफी मागितल्यासारखी मान खाली घातली.

फ्रू ब्रिंक पुन्हा खुर्चीत बसल्या. आता पाठ सरळ नव्हती. "त्यांनी मला आजारपणात सांगितलं," त्या म्हणाल्या. "वजन होईल तेव्हा बघ, म्हणाले. मी काय बघणार होते? एकोणतीस वर्षं मी मादाम होते. दारातून आत जाताना स्टूबबाई पुढे, रॅमबाई पुढे, मी मागे. दोनच वर्षं झाली हो. दोन वर्षं."

मला त्यांची दया आली. पण मग माझी नजर अंगणात उलट्या पडलेल्या त्या ट्रंकेवर गेली.

न्यायाधीश रॅम शहाणे गृहस्थ. त्यांनी खोलीतल्या प्रत्येक चेहऱ्याचा अंदाज घेतला आणि लेखणी उचलली. "मी असं लिहितो," ते म्हणाले, "की मग घरातच सापडला. गडबडीत कुणीतरी भलत्या जागी ठेवला होता. धातूबद्दल... सोनाराला या थंडीत नीट दिसत नव्हतं. फ्रू ब्रिंकना मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगिरी."

"उत्तम," पाद्री म्हणाले. "फारच उत्तम." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एक शब्दही घराबाहेर न जाऊ देता दोन मिनिटांत सगळं झाकलं गेलं. सेसेलला मनस्ताप झाला होता की नाही, हे कुठे लिहायचं याला त्या कागदावर जागा नव्हती.

फ्रू ब्रिंकनी टेबलावरचा किल्ल्यांचा जुडगा उचलला. डोळे पुसले, पाठ पुन्हा सरळ केली, आणि जुडगा पुढे धरला.

"घे, सेसेल. झालं गेलं विसरून जा. पाहुण्यांना कॉफी द्यायची आहे. साखर काढ."

सेसेल जुडग्याकडे बघत राहिली. कित्येक वर्षं तो तिच्या कमरेला होता. चालताना एका अंगाला किंचित झुकायची सवय तिला त्यानेच लावली होती. मग तिने गाठोडं काखेला लावलं.

"न्यायाधीशसाहेब, तुमच्या होडीत माझी जागा धरलेलीच आहे ना?"

"अं? हो, म्हणजे... पण आता तुम्हाला यायची गरज नाही."

"मला मादाम ओल्नेंच्या बेटावर उतरवा. त्यांना हाताखाली माणूस हवंय."

"कधीपासून हवंय," मादाम ओल्ने म्हणाल्या. हे मी त्यांच्या तोंडून त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

"अगं, वेडी आहेस का?" फ्रू ब्रिंकचा हात अजून पुढेच होता. "लोक काय म्हणतील? घे त्या किल्ल्या!"

सेसेलने दारात वळून पाहिलं. नवव्या वर्षापासून ती त्या बाईला घरात मावशी म्हणत आली होती, आणि गेली दोन वर्षं चारचौघांत फ्रू मावशी.

"नको, मादाम," ती म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नाही. पण वारा पडला होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.